काँक्रीटमधले पोलादी तंतू

खडू दोन्ही टोकांना धरून जरासा वाकवला की कट्कन मोडतो. त्याचाच छोटा तुकडा टेबलावर उभा ठेवून अंगठ्याने दाबला, तर मात्र तो सहसा फुटत नाही. काँक्रीटचा स्वभाव असाच. दाब ते उत्तम सोसते. ताण मात्र दाबाच्या साधारण एकदशांशच सोसते. ताणाने तडा गेला, की तो क्षणात आरपार जातो. म्हणून ताण येणाऱ्या भागात पोलादी सळ्या घालतात.

पण सळई गंजू नये म्हणून ती पृष्ठभागापासून काही सेंटिमीटर आत ठेवावी लागते. त्यामुळे कडा आणि कोपरे उघडेच राहतात. तिथे पोलादी तंतू उपयोगी पडतात.

हे तंतू म्हणजे तारेचे आखूड तुकडे. पुष्कळदा त्यांची टोके आकड्यासारखी वाकवलेली असतात. समजा, तंतूची लांबी ५० मिलिमीटर व व्यास १ मिलिमीटर आहे. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ३० किलो तंतू मिसळले, तर ते किती होतील? पोलादाची घनता दर घनमीटरला ७,८५० किलो धरून विद्यार्थ्यांना हे गणित करू द्या. उत्तर येते सुमारे ९७ हजार! आकारमानाने मात्र ते अर्धा टक्कासुद्धा नसतात.

एवढ्या तंतूंनी काँक्रीटची ताकद वाढते का? फारशी नाही. पहिला तडा जवळपास तेवढ्याच भाराला जातो. फरक पडतो तो त्यानंतर. तड्याचे दोन्ही काठ तंतू टाक्यांसारखे धरून ठेवतात. तडा रुंदावण्यासाठी तंतूंचे आकडे सरळ होऊन ते उपटून निघावे लागतात आणि त्यात पुष्कळ ऊर्जा खर्च होते. यालाच चिवटपणा म्हणतात. ठिसूळ काँक्रीट अचानक तुटते. चिवट काँक्रीट आधी तडे दाखवते आणि सावध व्हायला वेळ देते.

चॅनेल बोगद्याला लंडनशी जोडणारा वेगवान रेल्वेमार्ग २००७ साली पूर्ण झाला. त्याच्या लंडनखालील बोगद्यांचे अस्तर तंतुयुक्त काँक्रीटच्या कमानदार तुकड्यांचे आहे. असे तुकडे उचलताना, बसवताना त्यांच्या कडा फुटण्याचा धोका असतो. तंतू थेट कडेपर्यंत पोचत असल्याने तो कमी होतो.

अर्थात, घराच्या तुळईतल्या सळ्या काढून त्यांच्या जागी मूठभर तंतू टाकून चालत नाही. मोठा ताण एकाच दिशेने येतो, तिथे सळईच हवी. तंतू प्रमाणाबाहेर घातले, तर मिसळताना त्यांचे गोळे होतात.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या दोन पट्ट्या वर्गात करून पाहा. एकीत काथ्याचे तुकडे मिसळा. वाळल्यावर दोन्ही वाकवा. तडा दोन्हींना जाईल; पण तुकडे कोणत्या पट्टीचे पडतात?