घरासाठी आंब्याचे झाड निवडताना



चैत्रापासून मृगापर्यंत आपल्या घरात आंबा किती रूपांनी येतो, ते एकदा मोजून पाहा. आंबेडाळ, पन्हे, लोणचे, मेथांबा, साखरांबा, आणि आंबा पिकला की फोडी, रस आणि पोळी. ही सगळी कामे एकाच जातीच्या झाडाकडून नीट होत नाहीत. तरीही लागवडीची वेळ आली की आपण रोपवाटिकेतून एकाच जातीची चार कलमे आणतो आणि बांधावरचे जुने रायवळ झाड लाकडासाठी विकून टाकतो. मग लोणच्याच्या कैऱ्या बाजारातून आणाव्या लागतात. त्या कोणत्या झाडाच्या, कधी उतरवलेल्या, हे कळत नाही आणि श्रावणातच फोडी मऊ पडतात. म्हणून आंबा लावण्यापूर्वी तो कशासाठी हवा, हे घरात बसून ठरवावे.

कापून खाण्यासाठी

फोडींसाठी घट्ट गराचे, बिनरेषेचे आणि पातळ कोयीचे फळ हवे. स्वादात हापूसला तोड नाही, पण तो कोकणच्या हवेचा राजा आहे. घाटावर त्याचे झाड वाढते, मात्र कोकणातील फळाची गोडी आणि उत्पन्न तिथे सहसा मिळत नाही. शिवाय हापूस वर्षाआड फळतो आणि फळात साका होतो. या दोषांवर उपाय म्हणून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात तयार केली. ती 1981 मध्ये प्रसारित झाली. तिच्या फळात साका होत नाही आणि झाड बहुधा दरवर्षी फळते.

घाटावर आणि मराठवाड्यात केशर चांगला येतो. ही जात मूळची गुजरातेतील जुनागढची. गराच्या केशरी रंगावरून 1934 मध्ये तेथील नवाबांनी तिला हे नाव दिले. केशर फोडींना चालतो आणि रसालाही उतरतो. जागा एकाच कलमापुरती असेल, तर घाटावरच्या कुटुंबाने केशर लावावा.

रसासाठी

रसाचे फळ मऊ आणि भरपूर रसाचे असावे. पायरी यासाठी प्रसिद्ध आहे. तिचा रस पातळ, आंबटगोड आणि सुवासिक असतो. मात्र पिकलेली पायरी फार दिवस टिकत नाही, त्यामुळे दूरच्या बाजारापेक्षा ती घरालाच बरी. गोड रायवळ आंबे चोखून खायला आणि आंबापोळीला उत्तम. रेषा असल्या तरी रस गाळून घेता येतो. आंबट बिटक्यांचे रायतेही छान होते.

लोणच्यासाठी

लोणच्याच्या कैरीला चार गुण हवेत : गर पांढरा, जाड, करकरीत आणि चांगला आंबट. झाड पारखायचे असेल तर कोय टणक झाल्यावर एक कैरी चिरून पाहा. गर पिवळसर दिसला किंवा चवीला गोडसर लागला, तर ती कैरी साखरांब्याला किंवा गुळांब्याला वापरा, लोणच्याला नको. झाडाला पाड लागण्यापूर्वीच लोणच्याच्या कैऱ्या झेल्याने उतरवाव्यात. काठीने झोडपलेली कैरी आतून दुखावते आणि तिची फोड लवकर बिघडते.

लोणच्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण रुची' ही खास जात दिली आहे. पण आपल्या बांधावरच एखादे नावाजलेले लोणच्याचे झाड असेल, तर आधी त्याची कदर करावी.

जुने झाड तोडण्यापूर्वी

गावोगावी शेप्या, साखऱ्या, खोबऱ्या, गोटी अशा नावांची झाडे आढळतात. कोणते झाड कशाला चांगले, हे घरातील आजीला नेमके ठाऊक असते. अनेकांना वाटते की झाड तोडले तरी त्याची कोय लावली म्हणजे झाले. तसे होत नाही. आपल्याकडील बहुतेक आंब्यांची कोयीपासून आलेली रोपे आईच्या गुणांची निघत नाहीत. लोणच्याच्या झाडाची कोय लावली, तर दहा वर्षांनी निराळेच फळ हाती येऊ शकते. तोच गुण हवा असेल तर कलमच बांधले पाहिजे. झाड एकदा तोडले, की काडी कुठून आणणार?

कोय कलम घरीही जमते. पिकलेल्या रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी पावसाळ्याच्या सुरुवातीला वाफ्यात लावाव्यात. रुजून आलेली रोपे पंधरा दिवसांच्या आत, पाने तांबूस असतानाच घ्यावीत. जुन्या झाडावरची तीन-चार महिन्यांची, रोपाएवढ्याच जाडीची काडी निवडावी. काडी कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून छाटावीत, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. मग कोयीपासून चार बोटांवर रोपाचा शेंडा कापून मधोमध चीर द्यावी, पाचरीसारखी तासलेली काडी तीत बसवावी आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे. कलमे पिशवीत लावून सावलीत ठेवावीत. एका झाडाची पाच-सहा कलमे बांधावीत, म्हणजे एखादे मेले तरी चिंता नाही.

पुढच्या पावसाळ्यात एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा शेणखत व मातीने भरून कलम लावावे. दोन झाडांत 10 मीटर अंतर ठेवावे. जोडाच्या खाली खुंटाला येणारी फूट वरचेवर काढावी, नाहीतर कलम मरून रायवळच वाढते. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नये.

चार झाडांची जागा असेल तर एक फोडींचे, एक रसाचे आणि दोन लोणच्याची लावावीत. त्या दोहोंतले एक तरी आपल्या जुन्या झाडाच्या काडीचे असू द्यावे. झाडाचा सौदा करण्यापूर्वी घरातील बायकांना विचारावे आणि कलमे जगल्याची खात्री होईपर्यंत कुऱ्हाड लावू नये.