पाहणी, डॅशबोर्ड आणि कुलूप लागलेली घरे

बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया आणि आरोग्य शिबिरे यांचे तक्ते सन्माननीय विश्वस्त व देणगीदार या वार्षिक अहवालात दरवर्षी पाहत आले आहेत. हे आकडे रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलेल्या रुग्णांचे असतात. शेणवा परिसरातील पाड्यांवरची जी बालके आमच्या दारापर्यंत येतच नाहीत, त्यांची स्थिती जाणून घ्यायची तर घरोघर पाहणी करावी लागते. या कामासाठी आम्ही मोबाईलवरील प्रश्नावली आणि जमा झालेली माहिती आलेखरूपाने दाखवणारा संगणकावरील फलक, म्हणजेच 'डॅशबोर्ड', वापरू लागलो. त्याविषयी अनेक हितचिंतकांनी विचारणा केली. या साधनांचा उपयोग कोणता आणि त्यांवर कितपत विसंबावे, हे येथे सांगण्याचा प्रयत्न करीत आहोत.

कागदावरून मोबाईलवर

आरोग्य पाहणीसाठी संगणकाचा वापर नवा नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 'एपी इन्फो' ही आज्ञावली १९८५ साली विनामूल्य उपलब्ध करून दिली आणि पुढे ती अनेक देशांत वापरली गेली. परंतु तेव्हा माहिती प्रथम कागदावर लिहून नंतर संगणकात भरावी लागे. 'ओपन डेटा किट' व 'कोबो टूलबॉक्स' यांसारख्या साधनांमुळे ही दुहेरी मेहनत टळली. पाड्यावर नेटवर्क नसले तरी प्रश्नावली मोबाईलमध्ये भरता येते आणि नेटवर्क मिळताच ती पुढे पाठवता येते. लागू नसलेले प्रश्न आपोआप वगळले जातात. वजन ७.५ ऐवजी ७५ किलो लिहिले गेले, तर मोबाईल तेथेच हटकतो. भेटीची वेळ आणि ठिकाण यांची नोंदही राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालवाढीची नवी मानके प्रसिद्ध केली. त्यांनुसार बालकाचे वय, वजन व उंची यांचा ताळमेळ पूर्वी तक्ते चाळून पाहावा लागे. तो आता क्षणात निघतो आणि अशक्य वाटणाऱ्या नोंदी वेगळ्या काढल्या जातात. ओस्लो विद्यापीठात विकसित झालेल्या 'डीएचआयएस २' सारख्या प्रणालीत हीच माहिती गावनिहाय नकाशावर पाहता येते. काही नव्या आज्ञावलींत तर साध्या भाषेत प्रश्न विचारला की आलेख तयार होतो.

एका आकड्यामागील हिशेब

डॅशबोर्डवर आकडा ठळक दिसतो. तो कसा आला हे मात्र विचारावे लागते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रस्त्यालगतच्या गावांत ८०० बालके आहेत आणि पाड्यांवर २००. दोन्हीकडे प्रत्येकी १०० बालके तपासली. गावांत २० टक्के व पाड्यांवर ५० टक्के बालके कमी वजनाची आढळली. सरळ सरासरी ३५ टक्के येते, पण ती चूक आहे. कारण गावांतील बालके चौपट आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात भार दिला की खरी सरासरी २६ टक्के निघते. हा भार देण्याची सोय नव्या आज्ञावलींत असते. मात्र २६ हा आकडा बरोबर असूनही पाड्यावरील ५० टक्के त्यात झाकले जातात. म्हणून सरासरीबरोबर पाडानिहाय फोड पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

नमुना लहान असला की आकडा डळमळीत असतो, हेही लक्षात ठेवावे. ४० बालकांच्या नमुन्यात १० बालके कमी वजनाची आढळली, तर प्रमाण २५ टक्के येते. पण प्रत्यक्ष प्रमाण साधारण १४ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. ४०० बालकांत १०० आढळली, तर हीच मर्यादा सुमारे २१ ते २९ टक्के होते. चांगला डॅशबोर्ड आकड्यासोबत या मर्यादाही दाखवतो.

ठाणे जिल्ह्याचेच उदाहरण

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते. तिच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६.० टक्के बालके कमी वजनाची होती. २०१९-२१ च्या फेरीत ३६.१ टक्के. या ०.१ च्या फरकाला वाढ म्हणता येणार नाही. स्थिती तशीच राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

जिल्ह्याच्या आकड्यांत आणखी एक खाच आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे आदिवासी तालुके पालघर जिल्ह्यात गेले. परंतु २०१५-१६ ची फेरी २०११ च्या जनगणनेतील ६४० जिल्ह्यांनुसार झाली, म्हणजे त्यातील 'ठाणे' हा अविभाजित जिल्हा होता. पुढील फेरीतील 'ठाणे' निराळा आहे. डॅशबोर्ड मात्र दोन्ही ठिकाणी एकच नाव पाहून दोन बिंदू एका रेषेने जोडतो. शिवाय आजच्या ठाणे जिल्ह्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली ही मोठी शहरे आहेत. त्यांच्या सरासरीत शहापूर व मुरबाडच्या पाड्यांवरील कातकरी, ठाकर, वारली मुलांचा मागमूस लागणे कठीण आहे. म्हणूनच स्थानिक पाहणीची गरज राहते.

तेरीज जुळली तरी

हिशेब लिहिणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. एखादा व्यवहार रोजकीर्दीत मुळीच लिहिला गेला नाही, तर तेरीज व्यवस्थित जुळते. वगळण्याची चूक तेरजेत दिसत नाही. पाहणीचेही तसेच आहे.

आमच्या पहिल्या मोबाईल पाहणीत हीच चूक आमच्याकडून घडली. दिवाळी आटोपली की येथील अनेक कुटुंबे लेकराबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. आमचे काम नेमके त्या दरम्यान झाले. कुलूप दिसले की कर्मचारी पुढच्या घरी जात. डॅशबोर्डवर बहुतेक पाडे हिरव्या रंगात आले आणि आम्हाला समाधान वाटले. तो फलक पाहून आमच्या एका आरोग्य सेविकेने विचारले, "साहेब, वरच्या पाड्याला तर कुलपं होती. ती पोरं यात कुठं धरलीत?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. पाऊस सुरू झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. परतलेल्या बालकांपैकी काहींच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत ही तीव्र कुपोषणाची खूण मानली जाते. त्यांना तातडीने उपचारांसाठी पाठवावे लागले. ती बालके आधी आमच्या हिशेबातच नव्हती.

या चुकीचे मोजमाप करता येते. समजा, १०० बालके निवडली, ६० भेटली आणि त्यांत १८ कमी वजनाची निघाली. डॅशबोर्ड ३० टक्के दाखवील. न भेटलेल्या ४० पैकी एकही कमी वजनाचे नसेल, तर प्रमाण १८ टक्के. सर्वच असतील, तर ५८ टक्के. आज्ञावली नमुन्यातील चुकीची मर्यादा सांगते. न भेटलेल्यांविषयी ती स्वतःहून काही सांगत नाही.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांत प्रत्येक जन्म व मृत्यूची नोंद ठेवली. त्यावर आधारित 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षातील बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत, हे त्यातून पुढे आले. त्यामागे कोणतीही भारी आज्ञावली नव्हती. एकही घर न वगळण्याची शिस्त होती.

आम्ही केलेले बदल

आता प्रत्येक पाड्याची घरांची यादी आशा सेविका व अंगणवाडी सेविका यांच्या मदतीने आधी तयार होते. बंद घर वगळले जात नाही. 'कुलूप', 'स्थलांतर', 'नकार' असे कारण नोंदवून पुन्हा भेट दिली जाते. डॅशबोर्डवर प्रत्येक टक्केवारीशेजारी किती बालके यादीत होती आणि किती तपासली, हे दोन्ही आकडे दिसतात. तपासलेल्यांचे प्रमाण कमी असेल, तर तो पाडा हिरवा न दाखवता करड्या रंगात दाखवला जातो. मोजक्या घरांच्या पाड्यावरील क्षयरोगासारखी माहिती खुल्या फलकावर ठेवली जात नाही, कारण तेवढ्यावरून रुग्ण ओळखता येतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामागील दृष्टीही हीच आहे.

या फेरभेटींना वाहन, इंधन आणि मनुष्यबळ लागते. आज्ञावली विनामूल्य मिळते. कुलूप लागलेल्या घरी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जाणे विनामूल्य होत नाही. त्यासाठी आपल्या साहाय्याची विनंती आहे. आणखी एक नम्र विनंती अशी, की पुढील अहवालात कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण वाढलेले दिसले, तर ते आमच्या कामाचे अपयश, असा निष्कर्ष लगेच काढू नये. शेजारी छापलेली तपासलेल्या बालकांची संख्या आधी पाहावी. पूर्वी न मोजलेली बालके मोजली गेल्यामुळे तो आकडा वाढलेला असू शकेल, आणि तसे असेल तर त्या बालकांपर्यंत उपचारही पोहोचलेले असतील.