गीझरच्या प्लगमागे

कोथरूडमधल्या एका जुन्या इमारतीतला भाड्याचा टू बीएचके. गीझर चालू असताना नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, म्हणून भाडेकरू ताईंनी वायरमन काकांना बोलावलं होतं. काम बघायला मीही गेले.

बोर्डात एमसीबी नव्याकोऱ्या होत्या, आरसीसीबी मात्र नव्हती. "सारखी पडायची, म्हणून काढून टाकली," मालकांनी फोनवर सांगितलं. काका म्हणाले, "पडत होती म्हणजे काम करत होती, साहेब."

एमसीबी जादा लोड आणि शॉर्टसर्किट ओळखते. माणसाच्या अंगातून जाणारा जीवघेणा करंट सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने नगण्य असतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघते. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते. तेवढी तफावत दिसली की ती पुरवठा तोडते. मग ती सारखी का पडत होती, हे शोधायला हवं होतं. आधीच्या कारागिराने तीच काढून टाकली आणि घरात सगळं सुरळीत झालं.

काकांनी गीझरच्या सॉकेटमध्ये टेस्ट लॅम्प लावला. फेज-न्यूट्रलवर बल्ब पेटला, फेज-अर्थवरही लख्ख पेटला. ताई म्हणाल्या, "म्हणजे अर्थिंग आहे की!" बहुतेक तपासण्या इथेच संपतात. काकांनी गीझरचा प्लग काढून ठेवलेला होताच. आता मेन स्विच बंद केला, त्याने फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले. मग मल्टीमीटरची एक पिन न्यूट्रलवर, दुसरी अर्थच्या भोकात. बीप वाजला. वाजायला नको होता.

सॉकेट भिंतीतून बाहेर ओढल्यावर दिसलं: हिरवी वायर आलेलीच नव्हती. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर वायरचा तुकडा जोडला होता. न्यूट्रलचा स्क्रू सैल, आजूबाजूचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं. तो स्क्रू पूर्ण सुटला असता, तर मागे बोर्डाकडे जाणारी न्यूट्रल तुटून गीझरच्या कॉइलमधून आलेली फेज त्या तुकड्यावाटे थेट टाकीवर, नळावर आली असती. २३० व्होल्ट, आणि खाली ओली फरशी. अशा जोडणीत थोडा करंट नळाच्या पाइपातून जमिनीकडे जातो, तो न्यूट्रलने परतत नाही. आरसीसीबी त्यामुळेच पडत होती.

मेगरची चाचणीही झाली. सगळी उपकरणं काढून ५०० व्होल्ट डीसीवर फेज आणि अर्थमधलं इन्सुलेशन मोजतात. किमान एक मेगओहम यायला हवा. स्वयंपाकघराची लाइन त्याखाली गेली, तिथली भिंत पावसाळ्यात ओलावते.

भाडेकरार अकरा महिन्यांचा होता. त्यात पंखे, ट्यूबलाइट, गीझर यांची यादी होती, अर्थिंगबद्दल एक ओळ नव्हती. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार खासगी भाड्याच्या घराची वायरिंग तपासणी किमान दर पाच वर्षांनी करून अहवाल भाडेकरूला द्यावा लागतो. आपल्याकडे निदान नवा भाडेकरू येताना तरी ही तपासणी व्हावी, आणि खर्च मालकाने करावा, असं मला ठामपणे वाटतं. भिंतीतली वायर त्याच्या मालकीची आहे.

काकांनी दोष कागदावर लिहून सही केली. ताईंनी फोटो मालकांना पाठवला. गीझरची लाइन बोर्डातूनच काढून ठेवली गेली. हिरवी वायर ओढून आरसीसीबी बसेपर्यंत आंघोळीचं पाणी गॅसवर तापणार होतं.