पन्नाशीनंतरची शर्यत

मोटारशर्यत हा विशीतल्या तरुणांचा खेळ, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात हौशी शर्यतपटूच्या बाबतीत घडते ते बरेचसे उलट. छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलमध्ये राहणाऱ्या एखाद्या हौशी माणसाला ट्रॅकवर गाडी पळवायची असेल, तर त्याला चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई किंवा कोईमतूर यांसारखी दूरची ठिकाणे गाठावी लागतात. गाडी, टायर, प्रवास, परवाना हा सारा खर्च पेलण्याची ऐपत येते ती बहुधा चाळिशी उलटल्यावर, मुलांची शिक्षणे मार्गी लागली की. म्हणजे हौस परवडू लागते, नेमका त्याच वेळी शरीराचा उतार सुरू झालेला असतो. मग या वयात शर्यतीत उतरणे शहाणपणाचे आहे काय?

उदाहरणे तरी उत्साहवर्धक आहेत. हॉलिवूडचे अभिनेते पॉल न्यूमन यांनी चाळिशीनंतर शर्यतीचे धडे गिरवले आणि १९७६ मध्ये, ५१व्या वर्षी, अमेरिकेतील हौशी चालकांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. १९७९ मध्ये ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत त्यांचा संघ दुसरा आला. स्पेनचे कार्लोस साइन्झ यांनी २०२४ मध्ये वयाच्या ६१व्या वर्षी डकार रॅली जिंकली. ते अर्थात मुरलेले व्यावसायिक. त्यांच्याशी हौशी माणसाने बरोबरी करू नये हे खरे. तरीही वय म्हणजे पूर्णविराम नव्हे, एवढे यावरून दिसते.

वाढत्या वयात प्रतिक्रियेचा वेग मंदावतो, ही भीती सर्वांत मोठी. पण ती काहीशी अतिरंजित आहे. विशी आणि पन्नाशीतील निरोगी माणसांच्या साध्या प्रतिक्रियेत फरक पडतो तो सेकंदाच्या काही शतांशांचा. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. म्हणजे दशांश सेकंदाचा उशीर धरला, तरी अंतर तीन मीटरच्या आतच राहते. पुढच्या वळणाचा अंदाज आधीच बांधून दोन मीटर अलीकडे ब्रेक दाबणारा अनुभवी चालक ही तूट भरून काढतो. मात्र एकाच वेळी अनेक पर्यायांतून एक निवडायचा असतो, तेव्हा मंदपणा अधिक जाणवतो. समोरची गाडी अचानक गिरकी घेते, तो हाच क्षण.

खरी झीज होते डोळ्यांची. चाळिशीत डोळ्यांतील भिंग ताठर होऊ लागते आणि दूरच्या रस्त्यावरून जवळच्या मीटरवर नजर आणताना अक्षरे धूसर होतात. पुढे बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही, भिंगही गढूळ होते. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. हर्सूलहून रात्री जळगाव रस्त्याने निघावे आणि समोरून ट्रकचे प्रखर दिवे यावेत. ते गेल्यावर रस्ता पुन्हा स्पष्ट दिसायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो, हा अनुभव पन्नाशीच्या अनेकांना असेल. रात्रीच्या रॅलीत तेवढा वेळ कोणी देत नाही.

दुसरी झीज उष्णतेची. अग्निरोधक पोशाख, हेल्मेट, बंद गाडी आणि वर मराठवाड्याचे ऊन! वयानुसार घाम उशिरा सुटतो, तहानेची जाणीव बोथट होते आणि हृदयाची कमाल गती ढोबळमानाने दरवर्षी एका ठोक्याने उतरते. त्यामुळे प्रौढ चालक सुरुवातीच्या फेऱ्यांत तरुणांच्या बरोबरीने धावतो, परंतु शेवटच्या फेऱ्यांत लक्ष ढळते आणि चुका तेथे होतात. आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी ४५ वर्षांनंतर हृदयाची ताणचाचणी मागितली जाते, ती उगीच नव्हे.

म्हणूनच प्रकाराची निवड महत्त्वाची ठरते. वेळ, वेग आणि अंतर यांचे गणित सांभाळण्याच्या रॅलीत सर्वांत आधी पोहोचणारा जिंकत नाही. समजा, हर्सूल टी-पॉइंटपासून फुलंब्रीच्या दिशेने ताशी ३६ किलोमीटरच्या सरासरीने २४ किलोमीटर कापायचे आहेत, तर बरोबर चाळिसाव्या मिनिटाला पोहोचले पाहिजे. लवकर आल्यासही दंडगुण. येथे बेफामपणाला किंमत नसते, एकसारखेपणाला असते. पन्नाशी ओलांडलेले पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये सौदी अरेबियातील ज्या ‘डकार क्लासिक’मध्ये उतरले, तिचा गाभाही ठरवून दिलेली सरासरी राखणे हाच आहे. वाळवंटातील ती कसरत सोपी मुळीच नसते. पण तेथे अनुभवाला वाव मिळतो.

अडचण एवढीच, की आपण मंदावलो आहोत हे चालकाला स्वतःला सहसा उमगत नाही. व्यावसायिकाला ते सांगायला प्रशिक्षक असतो, हौशी माणसाच्या हाती फक्त वेळेची नोंद. तिच्यात सर्वांत वेगवान फेरी कोणती, हे सगळेच आधी पाहतात. पन्नाशीच्या चालकाने त्याऐवजी पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच फेऱ्यांतील फरक पाहावा आणि तो गतवर्षीच्या फरकाशी ताडून बघावा.