कुरवंड्याच्या कड्यावर ट्रान्झिस्टर

कुरवंड्याच्या नागफणी कड्यावर जाणार असाल तर मीडियम वेव्हचा साधा ट्रान्झिस्टर सोबत घ्या. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की खरखर सुरू. मीडियम वेव्ह मात्र दिवसा जमिनीला धरून चालते. पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर. आवाज बारीक आला तर एरियल ओढू नका, अख्खा सेट आडवा फिरवा. आतल्या फेराइट कांडीची दिशा जुळली की गाणं उघडतं!

आणि पुण्याचं हे केंद्र काही साधंसुधं नाही. इथूनच १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, 'गीतरामायण' सुरू झालं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या; गाणारे स्वतः फडके, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशी मातब्बर मंडळी. दर आठवड्याला एक नवं गीत, वर्षभरात एकूण ५६. रेडिओ मोजक्याच घरांत, त्यामुळे शेजारीपाजारी तिथे जमायचे. काही जण तर रेडिओला हार घालून उदबत्ती लावायचे.

पुढचं गीत ऐकायला सगळ्यांना सारखंच थांबावं लागे. माझ्या मते खरी गंमत त्यातच होती. आज हवं ते गाणं हवं तेव्हा लागतं (तक्रार नाही, मीही लावतो), पण त्याच क्षणी तेच गाणं अनोळखी कुणीतरी ऐकतंय, हे रेडिओवरच जाणवतं.

तुमच्याकडे मावळात कोणतं केंद्र स्वच्छ लागतं? गावाच्या नावासकट कळवा.