वारशाने मिळणारा पोटातला जंतू

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पीळदार जंतू माणसाच्या जठरात राहतो. तिथल्या आम्लात बहुतेक जंतू टिकत नाहीत. हा मात्र युरियापासून अमोनिया तयार करून आपल्याभोवतीचं आम्ल मारतो आणि वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. अल्सरचं मूळ त्यात आहे हे दाखवल्याबद्दल त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. लागण बहुतेकांना लहानपणीच होते. त्रास बऱ्याच जणांना होत नाही, झालाच तर ‘पित्त झालंय’ म्हणून विषय संपतो.

लहानग्याला तो देतं कोण? टोरांटोच्या डॉक्टरांनी बाधित मुलांच्या घरच्यांचं रक्त तपासलं आणि निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध केले. ३४ पालकांपैकी २५ जणांत आणि २२ भावंडांपैकी १८ जणांत या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं निघाली. जंतू नसलेल्या मुलांच्या घरांत हेच आकडे ३३ पालकांत ८ आणि ३७ भावंडांत ५ होते. नुसत्या नळाच्या पाण्याचा दोष असता, तर एवढी तफावत पडली नसती.

प्रतिपिंडांवरून कोणाकडून कोणाकडे गेला ते कळत नाही. त्यासाठी जंतूचा डीएनए जुळवावा लागतो. जपानमध्ये तसा जुळवला तेव्हा बाळांतला जंतू आईच्याच जंतूशी जुळला. कोलंबियातल्या अँडीजच्या खेड्यांत थोरल्या भावंडांकडेही बोट गेलं, विशेषतः दोघांच्या वयात थोडंच अंतर असेल तिथे.

वाट कोणती, याचा शोध कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी घेतला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी १६ बाधित पण धडधाकट स्वयंसेवकांना औषध देऊन उलट्या करवल्या. सोळाही जणांच्या उलटीत जिवंत जंतू सापडला. सहा जणांच्या बाबतीत तर तो १.२ मीटरपर्यंतच्या हवेतही मिळाला! पुढे तिथल्याच कुटुंबांच्या पाहणीत, घरातल्या बाधित माणसाला जुलाब-उलट्या झाल्या की इतरांना लागण होण्याचा धोका कितीतरी वाढतो, असं दिसलं. आपल्याकडे सगळा भर उष्ट्या चमच्यावर असतो. मला विचाराल तर उलटी पुसल्यावर हात साबणाने धुतले का, हे आधी पाहावं.

पिढ्यान्‌पिढ्या असा घरातल्या घरात फिरत राहिल्यामुळे माणसांबरोबर जंतूच्याही वंशावळी तयार झाल्या. आल्प्समध्ये सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओट्झी या गोठलेल्या माणसाच्या पोटातही तो होता. त्या जंतूचे जवळचे भाऊबंद आज मुख्यतः मध्य आणि दक्षिण आशियातल्या लोकांत आढळतात.