झेंडूचें औषध : नांव एक, झाडें दोन

महसूल खात्यांत कारकुनी करणाऱ्यास एक धडा फार लौकर मिळतो. एकाच गांवांत एकाच नांवाचे दोन खातेदार असतात. कधीं कधीं आडनांवही एकच असतें. बापाचें नांव आणि गट नंबर पाहिल्यावांचून फेरफाराची नोंद धरली, तर एकाच्या जमिनीवर दुसऱ्याचें कर्ज चढतें, आणि ती चूक निस्तरण्यांत दोन्ही घरांचीं वर्षें जातात. सारी नोकरी हा धडा गिरविण्यांत घालविलेला मी, निवृत्त झाल्यावर आपल्याच घरीं तीच चूक करून बसलों. ती जमिनीच्या बाबतींत नव्हे, झेंडूच्या फुलाच्या बाबतींत घडली. सभासद बंधूंच्या घरीं ती घडूं नये, म्हणून हा लेख लिहीत आहें.

गोष्ट गेल्या दसऱ्याची. गारगोटीस आमच्या घरीं रिवाजाप्रमाणें खंडेनवमीस औजारांची पूजा झाली. नांगर, विळे, कोयते, मोटारसायकल, सर्वांस झेंडूच्या माळा पडल्या. बाजारांतून आणलेल्या फुलांपैकीं सूपभर फुलें उरलीं. धाकट्या सुनेनें मोबाईलवर वाचलें होतें कीं 'मॅरीगोल्ड' हें फूल कातडीला फार गुणकारी असून त्याचीं मलमें परदेशांत मोठ्या किंमतीस विकलीं जातात. तिनें मला विचारलें, "मामंजी, मॅरीगोल्ड म्हणजे आपला झेंडूच ना?" मीं मोठ्या अधिकारानें सांगितलें, "झेंडूच. लहानपणीं कान दुखला म्हणजे आमची आई ह्याच्याच पानांचा रस कानांत पिळीत असे. खुशाल लाव."

तिनें फुलें व पानें वाटून लेप हातांना लावला, अर्ध्या तासानें धुतला, आणि ती भात कापावयास गेली. सायंकाळपर्यंत तिचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक झाले. दुसऱ्या दिवशीं फोड आले. डॉक्टरांनीं सर्व हकीकत ऐकून सांगितलें, "झेंडूचा रस, त्यावर पडलेलें ऊन, किंवा फुलांवर मारलेलें औषध, ह्यांपैकीं कोणतेंही कारण असूं शकेल. पण आपण ज्या मॅरीगोल्डविषयीं वाचलें, तें हें फूल नव्हेच." फोड बरे झाले, काळे डाग मात्र दिवाळी होऊन गेली तरी पुरते गेले नव्हते. सुनेनें मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं, म्हणूनच तो दोष मला अधिक लागला. आणि ह्या फुलाचें दफ्तर मीं मुळापासून तपासावयास घेतलें.

दोन खातेदारांची ओळख

इंग्रजींत मॅरीगोल्ड हें एकच नांव दोन निराळ्या झाडांस आहे. पहिलें आपला झेंडू. त्याचें शास्त्रीय नांव टॅजेटीस. मोठ्या, गच्च पाकळ्यांच्या झेंडूस 'आफ्रिकन' व ठेंगण्या, लालसर झेंडूस 'फ्रेंच' म्हणतात. पण दोन्ही मूळचे ना आफ्रिकेचे ना फ्रान्सचे. त्यांचें माहेर मेक्सिको व त्याच्या आसपासचा मुलूख. दुसरें झाड कॅलेंडुला. हा भूमध्य समुद्राकडील प्रदेशाचा रहिवासी. दोघांचें कूळ एक, म्हणजे सूर्यफुलाचें व शेवंतीचें. चुलतभाऊ म्हणावें इतकेंच नातें; घर निराळें, गुण निराळे.

युरोपांतील दर्यावर्दी अमेरिकेस जाऊन पोंचल्यावर, सोळाव्या शतकापासून पुढें, झेंडू आपल्या देशांत आला. चरक व सुश्रुत यांच्या काळीं तो येथें नव्हताच; त्यामुळें 'हें चरकांतील औषध आहे' असें कोणी सांगूं लागल्यास विश्वास ठेवूं नये. पण आला आणि घरचा झाला. मेक्सिकोंत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशीं पितरांच्या स्मरणार्थ ह्याच फुलांच्या पाकळ्यांनीं वाट सजवितात. आपल्याकडे त्याच सुमारास तो दसरा-दिवाळीस दारावर चढतो. त्याच्या शास्त्रीय नांवाचा संबंध एका जुन्या कथेशीं जोडतात. इटलींतील प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या समजुतीप्रमाणें, एक शेतकरी नांगरीत असतां नांगराच्या तासांतून टेजिस नांवाचा ज्ञानी बालक वर आला. जनकाच्या नांगरास सीता सांपडली ही कथा ज्यांनीं ऐकली आहे, त्यांस ह्या नांवाचें परकेपण वाटणार नाहीं.

आतां दोन्ही झाडें ओळखावयाचीं कशीं, तें पाहूं. झेंडूचें पान पिसासारखें चिरलेलें असून पत्रिकांच्या कडा दांतेरी असतात. पान उजेडाकडे धरल्यास तेलाचे बारीक ठिपके दिसतात, आणि चुरगाळतांच तो परिचित उग्र वास येतो. त्याची बी सडपातळ, सुईसारखी काळी असून टोंकास फिक्या पिवळ्या काड्यांचा तुरा असतो. कॅलेंडुलाचें पान अखंड, लांबट, किंचित् लवदार व हातास चिकट लागणारें. आणि बी वांकडी, खडबडीत, विळ्याच्या पात्यासारखी. बियांच्या पुडीवर नुसतें 'मॅरीगोल्ड' लिहिलेलें असलें, तर पुडी उघडून बी पाहावी. ती वांकडी नसेल तर तो कॅलेंडुला नव्हे.

कातडीचें औषध कोणतें ?

मलमांच्या डब्यांवर जें मॅरीगोल्ड असतें, तें बहुधा कॅलेंडुला. त्याच्या गुणांस केवळ आजीबाईचा बटवा साक्षी आहे असें नाहीं. फ्रान्समध्यें स्तनाच्या कर्करोगासाठीं किरणोपचार घेणाऱ्या २५४ स्त्रियांवर एक प्रयोग झाला व तो २००४ सालीं प्रसिद्ध झाला. किरणांनीं कातडी भाजून निघते, म्हणून निम्म्या स्त्रियांस कॅलेंडुलाचें मलम व निम्म्यांस तेथें प्रचारांत असलेलें दुसरें मलम दिलें. मध्यम किंवा त्याहून तीव्र दाह कॅलेंडुला लावणाऱ्यांत शेंकडा ४१ जणींस, तर दुसऱ्या मलमाच्या गटांत शेंकडा ६३ जणींस झाला. युरोपच्या औषध-नियामक संस्थेनेंही दीर्घकालीन वापराच्या आधारें कातडीचा किरकोळ दाह व लहान जखमा ह्यांपुरता त्याचा उपयोग मान्य केला आहे. 'किरकोळ' व 'लहान' हे शब्द मात्र वाचकांनीं अधोरेखित करावे.

झेंडूची नोंद याच्या उलट आहे. त्याच्या अंगांत अल्फा-टर्थिएनिल नांवाचें द्रव्य असतें. १९४७ सालीं तें झेंडूच्या फुलांतून शुद्ध स्वरूपांत काढण्यांत आलें. उन्हांतील अतिनील किरण पडले म्हणजे हें द्रव्य चेततें व जिवंत पेशींस इजा करतें. झेंडूच्या अर्काचा कातडीवर उन्हांत असाच त्रास होतो, म्हणून २०१८ सालीं युरोपीय संघानें मोठ्या झेंडूच्या फुलांचा अर्क व तेल यांस सौंदर्यप्रसाधनांत पूर्ण मनाई केली. फ्रेंच झेंडूच्या अर्कास, लावून तसाच ठेवण्याच्या पदार्थांत, शेंकडा ०.०१ इतकीच मुभा ठेविली. कॅलेंडुलावर ही मनाई नाहीं. म्हणजे ज्या चुलतभावास तेथील कायदा कातडीजवळ येऊं देत नाहीं, त्यालाच मीं सुनेच्या हातांवर बसवून तिला उन्हांत धाडलें होतें.

मग आपल्या वडील मंडळींनीं झेंडूचा पाला जखमेवर बांधला, फुटणाऱ्या गळवावर लेप दिला, तें सर्व खोटें काय? तसें म्हणण्याचें कारण नाहीं. झेंडूच्या पानांच्या अर्कानें कांहीं जंतूंची वाढ खुंटते असें प्रयोगशाळांत दिसलें आहे. त्या काळीं दवाखाना दूर होता व बांधावरचा पाला जवळ होता. परंतु बशींतील जंतु निराळा आणि मातीनें भरलेली जखम निराळी. विळा लागला तर जखम स्वच्छ पाणी व साबणानें धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठीं सरकारी दवाखाना गांठावा. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं पायाच्या जखमेवर कोणताही पाला बांधून वाट पाहूं नये. ह्या दिरंगाईनें पाय गमावलेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत. कानांत रस घालण्याचा माझ्या आईचा उपायही आतां सोडावा. पडद्यास भोक असल्यास रस आंत उतरतो.

कॅलेंडुलाचें तेल घरीं करतां येतें. पाऊस उघडल्यावर, आश्विन-कार्तिकांत बी पेरावी. आपल्याकडील थंडींत तो चांगला फुलतो, उन्हाळा त्यास सोसत नाहीं. औषध न फवारलेलीं फुलें सावलींत अगदीं कडकडीत वाळवावींत, कारण ओल राहिल्यास बुरशी धरते. तीं खोबरेल किंवा तिळाच्या तेलांत बुडवून बरणी तीन-चार आठवडे ऊबदार जागीं ठेवावी व मग तेल गाळून घ्यावें. भेगाळलेल्या टांचांस किंवा कोरड्या हातांस तें चालतें; उघड्या, खोल किंवा पू झालेल्या जखमेवर लावूं नये. प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस थेंबभर लावून एक दिवस पाहावें. ज्यांस गाजरगवतानें अंगावर खाज उठते, त्यांनीं विशेष जपावें. तेंही ह्याच कुळांतलें आहे. आणि देवावरचीं किंवा बाजारचीं फुलें अंगास कधींही लावूं नयेत. हार टिकावा म्हणून फूल पोसलेलें असतें, कातडीसाठीं नव्हे.

झेंडूचें खरें रोगी

एवढें वाचून कोणी झेंडूस घराबाहेर काढूं नये. जें द्रव्य कातडीस बाधतें, तेंच जमिनीस औषध आहे. वांगीं, टोमॅटो, भेंडी यांचें झाड पाणी असून माना टाकतें, उपटून पाहावें तों मुळांवर गांठी दिसतात. हें डोळ्यांस न दिसणाऱ्या सूत्रकृमींचें काम. १९५८ सालीं हॉलंडमधील संशोधकांनीं झेंडूच्या मुळांतील सूत्रकृमिनाशक द्रव्य ओळखलें, तें हेंच अल्फा-टर्थिएनिल. मात्र बांधावर चार रोपें लावून हा गुण येत नाहीं. दुखऱ्या वाफ्यांत झेंडू दाट लावून निदान दोन महिने वाढूं द्यावा, तण राहूं देऊं नये, फुलें विकावींत, झाडें तेथेंच गाडावींत, आणि मग भाजीपाला घ्यावा. ह्या कामीं ठेंगणा फ्रेंच झेंडू बहुधा सरस ठरतो.

दुसरा उपयोग पहारेकऱ्याचा. टोमॅटो पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्याफुलांवर अंडीं घालणें अधिक पसंत करतो. म्हणून टोमॅटोच्या दर १६ ओळींस झेंडूची एक ओळ लावावी. झेंडूचें रोप ४५ दिवसांचें व टोमॅटोचें २५ दिवसांचें असतां दोन्ही एकदम लावावीं, म्हणजे दोघांस फुलें एका वेळीं येतात. त्या ओळींतील अळ्या वेंचून मारणें मात्र आपल्याकडे. नाहीं तर सापळाच अळ्यांचें माहेर होतो. मोठ्या झेंडूच्या पाकळ्यांतील ल्युटीन हें पिवळें द्रव्य काढून कोंबड्यांच्या खाद्यांत घालतात, त्यानें अंड्याचा बलक पिवळाधमक होतो. हा त्याचा तिसरा धंदा.

माझ्या कारकिर्दींत बांधावरच्या झेंडूची नोंद पीकपाहणींत झालेली मीं क्वचितच पाहिली. तो कोणाच्या हिशेबांत नसे. दसऱ्यापुरती त्याची आठवण, पुढें उकिरडा. यंदा आमच्या वांग्याच्या वाफ्यांत, जेथें मुळांवर गांठी येत, तेथें झेंडू दाट लावला आहे, आणि परसांत दोन कुंड्या कॅलेंडुलाच्या धरल्या आहेत. त्यांची बी पेरण्यापूर्वीं सुनेनें तळहातावर घेऊन पाहिली, आणि मला दाखवून म्हणाली, "वांकडी आहे, मामंजी." मीं चष्मा लावून खात्री केली, मगच पेरण्यास हरकत नाहीं असें सांगितलें.